वाणातल्या गोळ्या

संक्रांतीच्या आदल्या रविवारची सकाळ. जागा आमच्या हिंदीभाषक शहरातल्या घमापुरातली, मराठी मंडळाची खोली. हजर: अध्यक्ष काका, खजिनदार वहिनी, कार्यक्रम बघणाऱ्या निवृत्त शिक्षिका, ज्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात, आणि चिटणीस म्हणून मी. गैरहजर: माझ्या सासूबाई. त्या विजय नगरला घरी पलंगावर होत्या, मनगटाला इंजेक्शनची सुई लावून ठेवलेली. त्यांनीच सुरू केलेली एक प्रथा बंद करायला मी ही बैठक बोलावली होती.

विषय एकच: हळदीकुंकवाच्या वाणात औषधं घेऊ नयेत.

बाहेरच्या कोणाला सांगितलं तर आधी त्याचा विश्वास बसत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या बायका संक्रांतीला वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे, गाळण्या आणि साबणदाण्या लुटून लुटून कंटाळल्या होत्या. तेव्हा सासूबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "घरोघरी उरलेली औषधं वाया जाऊन राहिली आहेत. तेच वाण आणा. मंडळ गरजूंना देईल." टाळ्या पडल्या. मंडळाच्या खोलीत एक लोखंडी कपाट आलं. वर्षभर त्यातून औषधं जायची: मोलकरणींना, रिक्षावाल्यांना, गोहलपुरच्या वर्कशॉपांतून येणाऱ्या कामगारांना, आणि खरं सांगायचं तर आमच्याच सभासदांना, ज्यांना केमिस्टच्या दुकानापेक्षा कपाट जवळ पडायचं. किल्ली सासूबाईंकडे. ताप म्हटलं की ही पट्टी, घसा म्हटलं की ती.

डोकेदुखीची गोळी, मलम, एवढंच असतं तर मी गप्प बसले असते. पण घरात सगळ्यात जास्त उरतात त्या अँटिबायोटिकच्या गोळ्या. ताप दोन दिवसांत उतरतो, पट्टी अर्धी राहते. आणि वाणाला रिकाम्या हाताने कोण जाणार? दोन गोळ्यांचा तुकडा ताटात टाकायची लाज वाटते, म्हणून चांगली भरलेली पट्टी हवी. त्यामुळे दिवाळीनंतर आमच्यातल्या कितीतरी घरांत बरं वाटलं रे वाटलं की गोळी बंद होते आणि पट्टी तिळाच्या डब्याशेजारी जाऊन बसते. दुसऱ्याच्या उपयोगी पडेल म्हणून स्वतःचं औषध अर्धवट सोडायचं. हा त्याग आहे अशी सगळ्यांची समजूत, आणि त्यात सासूबाई सगळ्यांच्या पुढे.

दसऱ्यानंतर त्यांना लघवीला जळजळ सुरू झाली. सांगितलं नाही. कपाटातली पट्टी आणली, 'लघवीची' म्हणून, आणि घेतली. बरं वाटलं, तर उरलेली परत कपाटात. दिवाळीनंतर पुन्हा तेच, वेगळी पट्टी. डिसेंबरच्या अखेरीस थंडी वाजून ताप भरला, पाठीत कळा सुरू झाल्या, तेव्हा माझ्या नवऱ्याने त्यांना उचलूनच गाडीत बसवलं.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने लघवीची कल्चर तपासणी करायला लावली. त्यात आधी कोणता जंतू आहे ते पाहतात, मग त्याच्यावर एकेक औषध लावून बघतात. औषधाच्या नावापुढे 'एस' आलं तर ते चालेल, 'आर' आलं तर जंतू त्याला दाद देत नाही. आमच्या कागदावर तोंडाने घ्यायच्या गोळ्यांपुढे वरपासून खालपर्यंत आर होता. एस उरला तो फक्त काही इंजेक्शनांपुढे.

"माताजी, पहले ये दवाइयाँ ली हैं कभी?" डॉक्टरने विचारलं.

सासूबाई पडल्या पडल्या सांगत होत्या, आणि चेहऱ्यावर चक्क अभिमान होता. "ली हैं बेटा. पर पूरी कभी नहीं लेते हम. आराम लगा कि रख दी. दूसरों के काम आती हैं."

डॉक्टरने लिहिणं थांबवलं. "दूसरों के? किसके?"

मग कपाटाची सगळी हकीकत निघाली. मला वाटलं, डॉक्टर ओरडेल. ती ओरडली नाही. स्टूल ओढून पलंगाशी बसली आणि नीट समजावलं. एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही, म्हणाली. पण न विचारता, पुन्हा पुन्हा, आज हे उद्या ते असं घेतलं की नाजूक जंतू मरतात आणि चिवट टिकतात, आणि पुढे त्यांचीच प्रजा वाढते. ती प्रजा एका माणसापाशी थांबत नाही. घरात जाते, शेजारी जाते. मग खरोखर गरज पडते तेव्हा साधी गोळी काम करत नाही. "इस बार इंजेक्शन बचा है, माताजी," ती म्हणाली. "अगली बार क्या बचेगा, मैं नहीं जानती."

ते वाक्य मी घरी येताना गाडीत दोनदा म्हणून पाहिलं. नवरा म्हणाला, "बस ना आता." पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. सासूबाईंना पुन्हा हे झालं तर काय उरेल, हा एक प्रश्न. आणि कपाटातून गेलेल्या पट्ट्यांनी आणखी किती घरांत हाच प्रश्न तयार होत असेल, हा दुसरा. पहिल्यावर माझा इलाज नव्हता. दुसऱ्यावर होता. म्हणून बैठक.

"चिटणीसबाई, संक्रांत तोंडावर आली," अध्यक्ष काका म्हणाले. "आत्ता काहून बदलून राहिल्या? निमंत्रणं गेली सगळ्यांना."

मी कल्चरचा कागद टेबलावर ठेवला आणि काय झालं ते सांगितलं. काकांनी चष्मा चढवून कागद पाहिला, हळहळले, आणि म्हणाले, "आईंची तब्येत सांभाळा हो. वय झालं आता." जणू हा वयाचा आजार होता.

खजिनदार वहिनी म्हणाल्या, "पण मी तर पट्ट्या काढूनही ठेवल्या. नव्याच्या नव्या. एकही गोळी खाल्ली नाही त्यातली."

"मग आणल्या कशाला होत्या?"

"ह्यांना सर्दी झाली होती नं. केमिस्टला म्हटलं, काही जोरदार द्या, तर त्याने दिल्या. मग वाफ घेतली, आलं घातलेला चहा घेतला, दोन दिवसांत बरे झाले. म्हटलं वाणाला होतील."

"वहिनी, सर्दीला ती गोळी लागतच नाही."

"तेच म्हणते मी! म्हणून तर वाचली."

मला हसू आलं असतं, दुसऱ्या कोणत्याही दिवशी.

बाईंनी शिस्तीत हात वर केला. "आपण एक्स्पायरी तर बघतोच. मी स्वतः बघते दर महिन्याला."

"बाई, तारीख चांगली असून काय उपयोग? औषध कोणाला, कशासाठी, किती दिवस, हे तारखेवर लिहिलेलं नसतं."

"मग कपाटावर पाटी लावू," काका म्हणाले. त्यांचा सगळ्या गोष्टींवर पाटी हा उपाय असतो. "औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. जाड अक्षरात."

"आणि ती पाटी वाचत वाचत लोक घेऊन जातील."

"डॉक्टरची चिठ्ठी आणली तर द्यावं, नाही तर नाही. मग तर झालं?"

"चिठ्ठीवर असतं त्या औषधाचा पूर्ण कोर्स आहे आपल्याकडे? चार गोळ्या एका घरच्या, तीन दुसऱ्या घरच्या, तिसऱ्या घरची वेगळ्या ताकदीची. ज्याला चिठ्ठी आहे आणि घ्यायला जमत नाही, त्याला मंडळाने दुकानातून नवीन आणून द्यावं. तेवढं आपण नक्की करू शकतो."

हे काकांना पटलं असं वाटलं, कारण त्यांनी मान हलवली. मी लगेच पुढचं मांडलं: यंदा वाणात ओआरएसची पाकिटं, जखमेच्या पट्ट्या, कापूस, थर्मामीटर आणावेत.

"थर्मामीटर?" बाई दचकल्या. "हळदीकुंकवाला थर्मामीटर लुटायचा? अगं, लोक काय म्हणतील?"

"आत्ता अँटिबायोटिक लुटतो त्याला लोक काय म्हणतात?"

"त्याला लोक चांगलं म्हणतात," वहिनी म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. हीच तर अडचण. वाईट काम असतं तर एका बैठकीत बंद झालं असतं. हे चांगलं काम होतं, फोटो निघालेलं, भाषणं झालेलं, आणि ते सुरू करणारी बाई मंडळात सगळ्यांची लाडकी.

शेवटी काकांनी जे ठरवलं ते माझ्याच हाताने इतिवृत्तात लिहावं लागलं. कपाट आईंनी सुरू केलं, तेव्हा हळदीकुंकवात आईंनी स्वतः सांगितलं तर वाणातली औषधं बंद. नाही सांगितलं तर जसं चालू आहे तसं. "आपण सांगणारे कोण?" काका म्हणाले. "बायका आईंचंच ऐकतात." चहा आला. बैठक संपली. मी स्कूटर काढली आणि विजय नगरपर्यंत स्वतःशीच भांडत आले.

घरी सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. माझी मुलगी त्यांना मोसंबं सोलून देत होती. मी काय ठरलं ते सांगितलं.

"म्हणजे इतकी वर्षं मी लोकांना विष वाटलं, असं म्हण ना सरळ."

"विष कोण म्हणतंय, आई? औषधच होतं. चुकीच्या माणसाला, चुकीच्या दुखण्याला."

"माझ्या शरीराला सवय झाली असेल गोळ्यांची. दुसऱ्यांचं काय त्यात?"

मुलीला मराठी सगळं समजतं, बोलायची वेळ आली की हिंदी निघते. "आजी, बॉडी को आदत नहीं पड़ती. बैक्टीरिया को पड़ती है. और बैक्टीरिया घूमता है."

"घूमता है म्हणे. तू घूमती आहेस दिवसभर, तो काय घूमेल?" सासूबाईंनी मोसंब्याची फोड तोंडात टाकली आणि भिंतीकडे तोंड केलं.

मी कामं मार्गी लावणारी बाई आहे. मला भिंतीकडे तोंड करणं हे उत्तर चालत नाही. रोज नर्स इंजेक्शन द्यायला यायची, आणि ती गेली की मी विचारायची, "मग बोलणार ना?" तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, "काहून सारखी मागे लागून राहिली? बोलीन. दोन वाक्यं बोलीन. तू लिहून नको देऊ." मी लिहून दिलं नाही. पण स्वयंपाकघरातून मला ऐकू यायचं, त्या हळू आवाजात म्हणून बघत होत्या. "बायांनो, माझ्या हातून एक झालं..." इथपर्यंत यायच्या आणि थांबायच्या.

इंजेक्शनं पूर्ण झाली. ताप गेला, पाठीतल्या कळा थांबल्या. हळदीकुंकू रथसप्तमीच्या थोडं आधी ठेवलं होतं. त्या जांभळी साडी नेसल्या, मनगटावरचा काळानिळा डाग बांगड्यांनी झाकला आणि गाडीत पुढे बसल्या.

मंडळाची खोली भरली होती. बाईंनी माईकवर सांगितलं की आई आज दोन शब्द बोलणार आहेत. त्या उठल्या, आणि तोंड उघडायच्या आत टाळ्या सुरू झाल्या. आजारातून उठून आल्या म्हणून. टाळ्या थांबल्या तर गोहलपुरकडून आलेली एक तरुण बाई पुढे झाली. तिच्या नवऱ्याचं तिकडे वेल्डिंगचं छोटं वर्कशॉप आहे. कुटुंब नागपूरकडचं, मंडळात नवीन. ती वाकून सासूबाईंच्या पाया पडली. "काकू, तुमच्या कपाटातल्या गोळीने माझ्या लेकराचा ताप उतरला दिवाळीत. तुम्ही नसत्या तर मी कोठी गेली असती?"

सासूबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, बोला म्हणून. त्यांनी माईक घेतला.

"तिळगूळ घ्या, गोड बोला," त्या म्हणाल्या, आणि बसल्या.

मला इतका राग आला की मी हळदीकुंकवाची ताटं मोजून ठेवायला मागच्या खोलीत गेले. बाहेर येऊन पाहते तर सासूबाई दारापाशी खुर्ची टाकून बसलेल्या, मांडीवर कापडी पिशवी, आणि जी बाई वाण द्यायची तिच्याकडून पट्टी दोन्ही हातांनी घेऊन पिशवीत टाकत होत्या. कपाट उघडलंच नाही. बाई किल्ली मागायला आल्या, तर सासूबाई म्हणाल्या, "राहू दे, मी लावते नंतर." आणि पिशवी घेऊनच निघाल्या.

"कपाटात एक पण जाऊ दिली नाही," गाडीत बसताच त्या मला म्हणाल्या. "झालं नं तुझ्या मनासारखं?"

"आई, काय झालं? त्या सगळ्या बायका आनंदाने घरी गेल्या. आजपासून पुढच्या संक्रांतीसाठी उरवायला लागतील. दोन वाक्यं बोलायची होती."

"ती पोरगी पाया पडून राहिली होती. तिच्या तोंडावर सांगू, की तुझ्या लेकराचा ताप आपोआपच उतरला असता? गोळी नसती दिली तरी?"

नवरा गाडी चालवता चालवता म्हणाला, "पॉइंट आहे तिचा." मी त्याला सांगितलं की पुढे बघ.

खोटं नव्हतं ते. मला तिथे उभं केलं असतं तर मी बोलले असते, पण माझ्या पाया कोणी पडत नाही.

पिशवी जेवणाच्या टेबलावर आली. मी केमिस्टकडे घेऊन गेले, तर तो म्हणाला, "दीदी, बिल है? नहीं तो हम वापस नहीं लेते. कचरे में डाल दो." कचऱ्यात टाकून गाईच्या पोटात किंवा नाल्यात पाठवायच्या असत्या तर मी त्याच्याकडे गेलेच नसते. घंटागाडीवाला म्हणाला, "दवाई अलग रखो, पर अलग वाली गाड़ी नहीं आती." दवाखान्यातल्या काउंटरवरच्या मुलीने मला डॉक्टरला विचारायला सांगितलं. डॉक्टर म्हणाली, माझ्याकडे आणून द्या, दवाखान्याच्या औषधी कचऱ्याबरोबर जातील. ते एक काम झालं. त्या दिवशी सासूबाईंचीही पुन्हा तपासणी झाली. लघवी स्वच्छ. "पर अगली बार घर से कुछ नहीं लेना माताजी. पहले जाँच, फिर दवा. और जितने दिन बोलूँ, उतने दिन." सासूबाई हो म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या. स्वतःच्या बाबतीत त्या आता पाळतील, याची मला खात्री आहे.

दुसऱ्यांच्या बाबतीत नाही. मी रोज कोणाचा तरी फोन लावून त्यांच्या हातात देते. त्या बोलतात, तिळाच्या वड्या कशा झाल्या विचारतात, सुनेच्या बाळंतपणाची चौकशी करतात, "अच्छा, चलो, ठेवते," म्हणतात आणि ठेवतात. मी समोर उभी. "राहिलं बाई," म्हणतात. काकांना मी दोनदा सांगितलं, निदान परिपत्रक काढू. ते म्हणतात, आधी आईंनी बोलू दे.

आज सकाळी गोहलपुरच्या त्या बाईचा फोन आला, थेट सासूबाईंना. मुलाला पुन्हा ताप आहे, खोकला आहे, दिवाळीतली तीच गोळी असेल तर तिचा नवरा संध्याकाळी येऊन घेऊन जाईल. मी भाजी चिरत होते. सासूबाई ऐकत होत्या. मला वाटलं, आता. आता तरी.

"बरं, ये," त्या म्हणाल्या, आणि फोन खाली ठेवला.

मी काही बोलायच्या आत त्यांनीच हात वर केला. "माहीत आहे मला. गोळी नाही घरात, कपाटातलीही देणार नाही. पण फोनवर एकदम कसं तोडून बोलू? मी करते फोन. मीच करते. तू मधात पडू नको."

"तिला सांगा, लेकराला डॉक्टरकडे ने. आजच ने. तेवढंच सांगा, बाकीचं राहू द्या."

"तेवढंच नाही नं. तिने विचारलं, दिवाळीत तर दिली होती, आता काहून नाही, तर मला सगळंच सांगावं लागेल."

"मग सगळं सांगा."

जेवण झालं. मी त्यांना सांगून ठेवलं आहे की चारपर्यंत वाट बघेन, नंतर मी स्वतः गोहलपुरला जाईन आणि मुलाला दवाखान्यात घेऊन जाऊ म्हणेन. त्यांनी मान हलवली. त्या खिडकीपाशी खुर्चीत बसल्या आहेत. मोबाइल मांडीवर आहे, त्या बाईचा नंबर उघडलेला. मघाशी स्क्रीन काळी झाली, त्यांनी बोट लावून पुन्हा उजळवली. फोन अजून लावलेला नाही.